दहीभाताला खिडकीजवळची जागा

जळकोटच्या पोरींचा बाहेरगावचा पहिला फुटबॉल सामना तेरला ठरला आणि जेवणखाण, चहापाणी, कोण कुठं बसणार हे सगळं माझ्याकडं आलं. आलं म्हणजे काय, मीच ओढून घेतलं. हायवेवर माझी खानावळ आहे. पंधरा वर्षं ट्रकवाल्यांना जेवू घालतेय, नऊ पोरी म्हणजे काय मोठं. शाळेतले खेळाचे शिक्षक रणधीर सर नुसतं एवढंच म्हणाले होते, "ताई, पोरींना केळ्यांवर नेऊ का?" मी म्हटलं, "सर, तुम्ही बॉलचं बघा, पोटाचं माझ्यावर सोडा." असं चारचौघांत बोलायला मला फार आवडायचं.

माझी अर्पिता त्या संघात आहे. पण खरं सांगायचं तर मी तिच्यासाठी एवढं करत नव्हते. तेरच्या लोकांनी बोटं चाटत म्हणावं, जळकोटकर आले होते बाबा, काय जेवण आणलं होतं, याच्यासाठी मी ते करत होते.

दहा दिवस मी वहीत लिहीत होते. निघताना प्रत्येकीला वाटीभर सुशीला, म्हणजे आमच्याकडचा चुरमुऱ्यांचा उपमा, जास्त नाही, नाहीतर गाडीत मळमळतं. पोचल्यावर केळं आणि गूळ-शेंगदाणे. मध्यंतराला लिंबूपाणी, मीठ आणि साखर दोन्ही घालून. सामना झाल्यावर कडक भाकरी, शेंगाची चटणी, शेंगाची पोळी आणि दहीभात. दहीभात तेरच्या पोरींनाही पुरेल इतका. सोबत पाण्याचे दोन मोठे जार, स्टीलची ताटं आणि आमच्या गावाकडून येणाऱ्यांना बसायला दोन लांब सतरंज्या. येणार कोण होतं आमच्याकडून, हा विचार मी केलाच नव्हता. ज्वारीची काढणी चालू होती, सगळं गाव रानात होतं.

त्याच आठवड्यात सरांनी शाळेच्या मैदानावर आयांची बैठक घेतली. मी माझी वही वाचून दाखवली. बायका कौतुकानं ऐकत होत्या. तेवढ्यात मागून सत्यभामा उठली. ही शिवकन्याची आई. शिवकन्या आमच्या संघातली सगळ्यात तेज पोर, आणि सत्यभामा दुसऱ्यांच्या रानात रोजानं जाणारी. घरी दहा-बारा कोंबड्या, अंडी विकते.

"सर, माज्या कोंबड्या हायत," ती म्हणाली. "पंचवीसेक अंडी उकडून आणते म्या. पोरीस्नी ताकद यील. आन् गाडीत येक जागा आसंल तर म्या बी यीन म्हंते. शिवकन्याचा ख्येळ म्या आजून बगितलाच न्हाय."

ते खरंच होतं. पोरी संध्याकाळी मैदानावर पळायच्या तेव्हा ही कुणाच्या तरी बांधावरून घराकडं यायची, आणि पोचेपर्यंत खेळ संपलेला असायचा.

"वा, अंड्यासारखं दुसरं काही नाही," सर म्हणाले. "आणि जागेचं महेश्वरीताई बघतील."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "बघू."

माझ्या दहा दिवसांच्या वहीवर एका अंड्यानं मात केली होती. शिवाय आम्ही लिंगायत. आमच्या घरात अंडं येत नाही. खानावळीच्या पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' ही अक्षरं माझ्या नावापेक्षा मोठी आहेत. सासूबाई होत्या तोवर, अंडं खाणाऱ्या घरात गेलेलं भांडं परत आलं की अंगणात राखेनं तीनदा घासून मगच आत घ्यायच्या. मी त्यांना हसायचे. त्या गेल्या आणि काही दिवसांनी बघते तर मीच अंगणात भांडं घासत बसलेले. आणि आता माझ्या दहीभाताच्या शेजारी, त्याच गाडीत, उकडलेल्या अंड्यांचा डबा घेऊन ही बाई बसणार होती.

शुक्रवारी दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर मी वहीत गाडीचं चित्र काढलं. मल्लिनाथची क्रूझर ठरली होती. पुढं मल्लिनाथ, सर आणि मी. मधल्या बाकावर चार, मागं समोरासमोर तीन-तीन. म्हणजे दहा जागा, आणि पोरी नऊ. सात खेळणाऱ्या, दोन राखीव. चौकोनांत एकेकीचं नाव लिहीत गेले. मधल्या बाकावर खिडकीजवळचा एक चौकोन रिकामा राहिला.

त्या चौकोनाकडं मी बराच वेळ बघत होते. तिथं 'सत्यभामा' लिहिलं असतं तर काही बिघडणार नव्हतं. पण मी लिहिलं, 'पातेलं'. लिहिल्यावर त्याला कारणंही सुचली. दहीभाताचं पातेलं वर कॅरिअरवर ठेवलं तर उन्हानं आंबेल. खाली ठेवावं तर तिथं पाण्याचे जार. कारणं चांगली होती. चार माणसांत सांगण्यासारखी होती.

आणि तेवढ्यात सत्यभामा मागच्या दारात उभी. हातात खुरपं, डोक्याला फडकं बांधलेलं, रानातून तशीच आलेली.

"ताई, झाली का जागा?"

वही माझ्या हातात उघडी होती. मी ती मिटली.

"नाही गं. लई प्रयत्न केला. अजिबात बसत नाही."

"आसू द्या, आसू द्या," तीच मला समजावल्यासारखी म्हणाली. "भांडी बी हायत की येवढी. म्या ऐतवारचा खाडा सांगितला हुता मुकादमाला, म्हनून इचारलं. बरं, आंडी शिवकन्याजवळ दिऊ का मग?"

इथं मी नुसतं 'नको' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माझी जीभ अशी आहे की तिला नुसता नकार देता येत नाही, वर दोन शब्द जोडावे लागतात.

"नको बाई. तुझ्या डब्यांना कायम अंड्याचा वास असतो. बंद गाडीत पोरींना मळमळंल."

तिनं हातातलं खुरपं दुसऱ्या हातात घेतलं. मग हसली. "व्हय, आसंल. आमाला न्हाय येत ध्येनात." आणि गेली.

मी परत वही उघडली आणि भाकरी किती लागतील ते लिहायला घेतलं. त्या वेळी मला लाज वाटली का? थोडी वाटली. पण कामात असलं की लाज बाजूला ठेवता येते, हे मला चांगलं माहीत आहे.

रविवारी सकाळी सात वाजता क्रूझर शाळेपुढं उभी होती. पोरी निळ्या टीशर्टात, केस घट्ट बांधलेल्या, नुसत्या चिवचिवत होत्या. सुशीला वाटून झाली. ताटं, भाकरीची टोपली, सतरंज्या वर कॅरिअरवर चढवल्या. मग मी आणि मल्लिनाथनं मिळून ते मोठं पातेलं उचललं आणि मधल्या बाकावर खिडकीजवळ ठेवलं. कलंडू नये म्हणून माझ्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बाकाला बांधलं. शेजारी शिवकन्याची जागा होती.

"शिवकन्या, खड्डा आला की झाकणावर हात धर हं," मी म्हटलं.

"व्हय काकू."

मी मागं वळले तर सत्यभामा उभी. आज रानातली साडी नव्हती. जांभळी, जरीच्या काठाची, घडीच्या खुणा तशाच असलेली साडी नेसली होती. केसांना तेल, कपाळावर मोठं कुंकू, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. पोरीला निरोप द्यायला कुणी असं नटून येत नाही. ऐन वेळी एखादी पोर आजारी पडेल, एखादी जागा निघेल, अशा आशेनं ती आली होती, हे मला तिच्या साडीवरूनच कळलं.

तिनं गाडीत डोकावून पाहिलं. शिवकन्याकडं पाहिलं. मग खिडकीजवळच्या जागेवर बांधलेल्या पातेल्याकडं पाहिलं. ते चांगलं ऐसपैस बसलं होतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दोन पावलं मागं सरकली. ती काही बोलली असती तर मी कारणं सांगितली असती. उन्हाचं, जारचं, सगळं तयार होतं.

"चला, चला, उशीर होतोय," मी ओरडले. मल्लिनाथनं गाडी सुरू केली.

नळदुर्ग मागं पडेपर्यंत पोरी गात होत्या. मी पुढं बसून आरशात बघत होते. दर खड्ड्याला शिवकन्याचा हात झाकणावर जायचा. तिला गाता येत नव्हतं, कारण लक्ष झाकणावर. तुळजापूरच्या अलीकडं अर्पितानं मागून विचारलं, "आई, पातेलं खाली का न्हाय ठिवलं?"

"जार आहेत खाली."

"जार कॅरिअरवर चालले असते की. पाण्याला ऊन लागलं म्हणून काय होतंय?"

सर खिडकीबाहेर बघत होते. मल्लिनाथनं गिअर बदलला. मी म्हटलं, "तू खेळाचा विचार कर." पोर माझीच आहे, जागेवर बोट ठेवते. पाण्याचे जार वर आणि पातेलं खाली. इतकं सोपं होतं ते. मला सुचलं नाही असं नाही, मी सुचू दिलं नाही.

तेरला पोचलो तेव्हा पावणेदहा झाले होते. मैदान तेरणा नदीच्या अंगाला, एका बाजूला लिंबाची झाडं. तेरच्या पोरींच्या आया, आज्या, धाकटी भावंडं आधीच येऊन बसलेली. काढणी त्यांच्याकडं नव्हती असं नाही, पण अर्धा दिवस काढून आल्या होत्या. गिरिजाबाई म्हणून एक वयस्कर बाई, त्यांच्या गोलकीपरची आजी, चहाची किटली घेऊन स्वतः आमच्याकडं आल्या.

मी झाडाखाली माझ्या दोन्ही सतरंज्या अंथरल्या. टोकापर्यंत ताणून, सुरकुती न ठेवता. मग ग्लास ओळीनं मांडले, ताटांची चवड लावली, मधोमध पातेलं ठेवलं.

"पावने कुटायत तुमचे?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"येतील," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

"येकट्याच आलाव व्हय?" त्यांनी त्या लांबलचक सतरंज्यांकडं पाहिलं आणि चहाचा कप माझ्या हातात दिला.

तीस माणसं बसतील एवढी जागा मी अंथरली होती आणि तिच्यावर मी एकटी बसले होते. समोर तेरच्या बायका एकमेकींच्या मांडीला मांडी लावून, पोरांना कडेवर घेऊन आरडाओरडा करत होत्या. आमच्या पोरींच्या नावानं ओरडायला कुणी नव्हतं. मी दोनदा "अर्पिता, पळ" म्हणून ओरडले, पण माझा आवाज गिऱ्हाइकाला हाक मारायचा आवाज, तो मैदानावर नीट उठेना.

मग मी माझ्या कामाला लागले. फोन काढला. ओळीनं मांडलेल्या ग्लासांचा फोटो. शेंगाच्या पोळ्यांचा फोटो. पातेल्याचं झाकण काढून, वर कोथिंबीर पेरून, दहीभाताचा फोटो. गावाच्या ग्रुपवर एकामागून एक टाकत होते, आणि खाली लोकांचे अंगठे येत होते. मध्यंतराला लिंबूपाणी दिलं. पोरी घटाघट प्याल्या. शिवकन्या ग्लास घेऊन उभी राहिली, प्यायली, आणि सतरंजीकडं बघत म्हणाली, "काकू, लई जागा हाय की हितं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पोरीला जे दिसलं ते बोलली. मी म्हटलं, "हां, पी पी, अजून घे."

मध्यंतरानंतरचा खेळ सुरू झाला. गोल कुणाचाच होईना. ऊन चढलं आणि मला पातेल्याची काळजी लागली. प्रवासाचा दहीभात करताना सकाळी भातात दूध जास्त आणि दही नावाला घालायचं असतं, म्हणजे दुपारी बरोबर चवीला येतो. पण उशीर झाला की घट्ट होतो. मी झाकण काढलं, उरलेलं दूध ओतलं आणि खाली वाकून डावानं ढवळायला लागले. मीठ कमी वाटलं, म्हणून चव बघितली.

तेवढ्यात एकदम ओरडा झाला. मान वर केली तर तेरच्या बायका गप्प, आणि आमच्या पोरी एकमेकींच्या अंगावर उड्या मारतायत. सर दोन्ही हात वर करून नाचत होते. सगळ्या पोरी सरांकडं धावल्या. एकटी शिवकन्या उलट्या बाजूला, माझ्याकडं पळत आली. सतरंजीच्या काठावर येऊन थांबली. धाप लागली होती, चेहरा लालबुंद झाला होता. तिची नजर सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

"काकू, म्या गोल केला."

"बघितला गं," मी म्हटलं. हातात डाव होता, ओठाला दही होतं.

ती मान हलवून परत पळाली. आमच्याकडून तो गोल बघायला आलेलं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाचं डोकं पातेल्यात होतं.

सामना एक-शून्यनं आम्ही जिंकलो. पोरी सतरंजीवर येऊन पडल्या. मी ताटं वाढायला घेतली. तेरच्या पोरी आल्या, गिरिजाबाई आल्या, दहीभाताची वाहवा सुरू झाली. जे ऐकायला मी दहा दिवस राबले होते ते सगळं कानावर पडत होतं. आणि मला ते ऐकू येऊन ऐकू येत नव्हतं.

वाढता वाढता वर पाहिलं तर स्टँडाच्या बाजूनं एक बाई भराभरा चालत येत होती. जांभळी साडी. आता ती धुळीनं भरलेली, पदर कमरेला खोचलेला, काखेत डबा. सत्यभामा मैदानाच्या कडेला येऊन थांबली. मैदान रिकामं होतं. तिनं गोलच्या जाळीकडं पाहिलं, मग आमच्याकडं.

"झाला व्हय ख्येळ?"

शिवकन्या ताट टाकून धावली. "आये! जिंकलो! म्या गोल केला!"

"केलास? तू केलास?" सत्यभामानं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. हसत होती. मग पुन्हा त्या जाळीकडं पाहिलं, जणू बॉल अजून तिथं असेल.

पोरींनी तिला ओढत सतरंजीवर आणलं. ती आधी काठावरच टेकली, मग पोरींनी आत घेतलं. मी पाण्याचा ग्लास दिला. तिनं तो एका दमात संपवला.

"कशी आलीस गं?" मला काहीतरी विचारायलाच हवं होतं.

"नळदुर्गापतोर जीप. म्होरं यष्टी," ती म्हणाली. "तुमी निगालाव आन् म्या बी हायवेला आले. म्हनलं, खाडा तर सांगितलाच हाय. येळंत पवचले आस्ते, पर तुळजापुरात गाडी चुकली. ती चुकली म्हनून धाराशिवातनं तेरची बी ग्येली."

"कशी चुकली?" अर्पितानं विचारलं.

सत्यभामानं काखेतला डबा पुढं केला. स्टीलचा, चकचकीत, झाकणावरचं दुकानाचं लेबल तसंच होतं. "लाडू केल्ते शेंगदान्याचे पोरीस्नी. फडक्यात बांदून आनले. मंग वाटलं, फडक्यातलं कसं द्यावं येवड्या पोरीत. म्हनून स्टँडाम्होरं डबा घ्यायला ग्येले, तवर गाडी हालली." मग ती माझ्याकडं वळली, आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ताई, डबा नवा हाय. आंड्याला लागल्याला न्हाय. वास बगा पायजे तर."

तिनं झाकण काढून डबा माझ्यासमोर धरला.

शुक्रवारी मी सहज जोडलेले ते दोन शब्द या बाईनं तुळजापूरपर्यंत वागवले होते. माझ्या त्या एका वाक्यापायी ती दुकानात शिरली, गाडी गेली, आणि पोरीचा गोल गेला. जागा मी नाकारली तरी ती पोचली असती. माझ्या जिभेनं तिला पोचू दिलं नाही.

"घ्या की," ती म्हणाली. मी एक लाडू घेतला. पोरींनी झडप घातली, डबा अर्धा झाला. मी हातातला लाडू तोंडाकडं नेला, आणि हात आपोआप खाली आला. पंधरा वर्षांची, नव्हे पंचेचाळीस वर्षांची सवय. मी तो पदराच्या टोकात गुंडाळला आणि कमरेला खोचला. तिनं ते पाहिलं की नाही माहीत नाही. तिचं लक्ष पोरीकडं होतं असं मी स्वतःला सांगितलं.

"ताई, तुमी तर बगितला आसंल," ती म्हणाली. "कसा मारला वो तिनं?"

"लई भारी मारला," मी म्हटलं.

"कुनीकडनं? ह्या अंगानं का त्या?"

मला काय माहीत होतं? मी हातानं कुठंतरी दाखवलं. अर्पिता माझ्याकडं बघत होती. "आई, त्या बाजूनं न्हाय," ती म्हणाली. "डावीकडनं."

"फोनात काढला आसंल की तुमी," सत्यभामा म्हणाली. "तुमच्या हातात फोन दिसतोय. दावा बरं जरा."

मी फोन उघडला. ग्लास, पोळ्या, ताटांची चवड, कोथिंबीर पेरलेला दहीभात. बोटानं पुढं पुढं सरकवत होते, जणू पुढं कुठंतरी गोल सापडणार होता. सर खेळवत होते, पोरी खेळत होत्या. हात रिकामे असलेली मी एकटीच होते.

"दहीभात झ्याक दिसतोय," सत्यभामा म्हणाली आणि फोन मला परत दिला.

तीन वाजता परतीला निघालो. आता पातेलं रिकामं होतं. मी ते उचलून खाली ठेवायला लागले, तर जार अजून तिथंच होते, अर्धे भरलेले. ते वर चढवावेत म्हणून मी मल्लिनाथला हाक मारणार, तेवढ्यात सत्यभामा खिडकीजवळच्या जागेवर बसली आणि म्हणाली, "कशाला वर-खाली करताव, ताई? द्या हिकडं. म्या घेते मांडीवर."

"अगं नको, जड आहे."

"रिकामं तर हाय." तिनं पातेलं मांडीवर घेतलं, त्याच्यावर झाकण नीट बसवलं. मग सहज म्हणाली, "सकाळी बी घेतलं आस्तं की मांडीवर."

गाडीत सगळे होते. सर होते, मल्लिनाथ होता, नऊ पोरी होत्या. मी पुढच्या दाराशी उभी राहून म्हटलं, "सत्यभामा, सकाळी जागा..."

"बसा, ताई," ती घाईनं म्हणाली. "पोरी ऐकत्यात. बसा."

मला वाचवायला तिनं मला बोलू दिलं नाही. मी बसले. ओरडली असती, भांडली असती, चार शिव्या दिल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं. भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण तिनं मला भांडणही दिलं नाही.

वाटेत शिवकन्यानं आईला गोल सांगितला. अर्पितानं कोपऱ्यातून बॉल कसा टाकला, तो छातीवर कसा घेतला, एक पोर अंगावर आली तिला कसं चुकवलं, आणि डाव्या पायानं कसा मारला. सत्यभामा म्हणाली, "पुन्ना सांग." शिवकन्यानं पुन्हा सांगितला. धाराशिव गेलं, तुळजापूर गेलं. नळदुर्गाजवळ तिसऱ्यांदा सांगणं झालं. मी मागं वळून पाहिलं नाही. आरशातही पाहिलं नाही. पण मीही कान देऊन ऐकत होते, कारण तो गोल मलाही माहीत नव्हता.

दिवस मावळायच्या आत जळकोट आलं. पोरी उड्या टाकून उतरल्या. सत्यभामा सगळ्यात शेवटी, पातेलं सांभाळत उतरली. मी ते घ्यायला हात पुढं केले आणि तेव्हा मला दिसलं. जरीच्या साडीचा पदर तिनं दोन्ही हातांवर गुंडाळला होता आणि त्या पदरात पातेल्याचे काठ धरले होते. मांडीवरही पदराचाच पट्टा अंथरला होता. तेरपासून जळकोटपर्यंत, तीन तास.

"घ्या, ताई," ती म्हणाली. "काळजी करू नगा. हात लावला न्हाय म्या. पदरानंच धरलंय."

मी पातेलं घेतलं. ती असं का बोलते हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. तिनं पदर झटकला, शिवकन्याच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघी रस्ता ओलांडून वस्तीकडं निघाल्या. शिवकन्या रिकाम्या रस्त्यावर डावा पाय उडवून दाखवत होती.

मी पातेलं रस्त्यावरच ठेवलं. कमरेच्या पदराची गाठ सोडली. लाडू चेपून त्याचे दोन तुकडे झाले होते. मी दोन्ही तिथंच, गाडीपाशी उभी राहून, मल्लिनाथ आणि सरांच्या देखत तोंडात घातले. सत्यभामा पाठमोरी होती. तिनं पाहिलं नाही, आणि हाक मारून तिला दाखवावं एवढं तोंड मला राहिलं नव्हतं.